थर मोजताना

शेलार गावात जुनं काय आहे, असं कुणी विचारलं तर आमच्याकडचा माणूस बंद पडलेल्या एखाद्या साइझिंगकडे बोट दाखवील. फार तर गावाबाहेरच्या एखाद्या वडाकडे. भिवंडीचा नदीनाका ओलांडला की माग, डाईंग, गोदामं आणि कंटेनर यांच्या गर्दीत गाव कुठे सुरू होतं तेच कळत नाही, तिथे जुन्याची चौकशी कोण करणार? पण गावाचं नाव मात्र कानाला खुणावतं. शेलार आणि शिलाहार. शेलार हे आडनाव शिलाहार या राजकुळाच्या नावाशी जोडण्याची अभ्यासकांची सवय जुनी आहे, पार इंग्रजी गॅझेटियरच्या काळापासूनची. शिलाहार स्वतः मात्र आपलं नाव वेगळं सांगत. शिळेवर गरुडाचा आहार व्हायला स्वतःहून बसला तो जीमूतवाहन, त्याचे आम्ही वंशज, म्हणून शिला-आहार. ध्वजावर सोन्याचा गरुड आणि बिरुदात तगरपूर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. नवव्या शतकापासून तेराव्यापर्यंत उत्तर कोकण त्यांच्याकडे होतं. त्यांच्या ताम्रपटांतल्या भाषेत सांगायचं तर चौदाशे गावांचं कोकण, आणि त्यातलं एक मोठं ठाणं श्रीस्थानक, म्हणजे ठाणे.

नाव जुळलं म्हणून नातं लागत नाही, हे मी आधीच कबूल करतो. आमच्या गावच्या नावावरून मी कुणाला राजवंशी ठरवणार नाही. पण त्या नावाचा धागा धरून चालत गेलं की जिथे पोचतो ती ठिकाणं खरी आहेत, दगडाची आहेत आणि एका दिवसात बघून परत येण्याच्या अंतरावर आहेत. भिवंडीच्या पूर्वेला लोनाडच्या टेकडीतलं लेणं, त्याच गावातलं मोडकं शिवालय, शेजारच्या चौधरपाड्याचा शिलालेख, आणि कल्याण-उल्हासनगर ओलांडून वालधुनीकाठचं अंबरनाथचं शिवमंदिर. पुढच्या पानांत या चार जागांची रेखाटनं आणि टिपणं आहेत. ती कशी वाचावीत, एवढंच इथे सांगायचं आहे.

हे सगळं सुरू झालं ते, खरं सांगतो, मेक्सिकोवरून. माझ्या भाच्याने एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माया संस्कृतीवरच्या फिल्म लागोपाठ बघितल्या आणि जेवताना मला उश्मल, कबाह, पालेंके अशी नावं ऐकवू लागला. "मामा, तिथल्या भिंतींवर नाकाचे देव आहेत, एकाखाली एक, शेकड्यांनी!" मी विचारलं, अंबरनाथला किती वेळा गेलास? एकदा गेला होता. शिवरात्रीच्या जत्रेत. पाळण्यात बसून आला होता.

त्याला हसण्याचा मला अधिकार नव्हता. मीही पंचविशीपर्यंत तेवढंच केलं होतं. मग आम्ही दोघांनी त्याच्या फिल्मा पुन्हा बघितल्या, आणि त्या निमित्ताने फोनवर फिरणारा तो लाडका सिद्धांतही माझ्यापर्यंत आला: माया म्हणजे आपला मयासुर, त्यानेच जाऊन तिकडे मंदिरं बांधली. पांडवांना मयसभा बांधून देणाऱ्याला मेक्सिकोचं कंत्राटही आपण देऊन टाकलं. शेलार-शिलाहारात निदान आडनावाचा आणि प्रदेशाचा आधार आहे, इथे तोही नाही. त्या लोकांची भाषा, लिपी, दिनगणना, सगळं त्यांचं स्वतःचं. शून्यासाठी त्यांनी स्वतंत्र चिन्ह वापरलं, तेही आपल्याला न विचारता.

पण नातं नसलं तरी तुलना करता येते, आणि ती फार शिकवते. उश्मलचा 'गव्हर्नरचा वाडा' म्हणून ओळखली जाणारी इमारत इसवी सन ९०० च्या आसपासची, म्हणजे अंबरनाथच्या मंदिराहून दीडएकशे वर्षांनी जुनी. लांबी सुमारे शंभर मीटर. तिच्या भिंतीचा खालचा भाग सपाट, गुळगुळीत, आणि वरचा पट्टा कोरलेल्या दगडांनी भरगच्च. असे सुमारे २०,००० तुकडे त्या पट्ट्यात असल्याचं सांगतात. आत चुना आणि दगडगोट्यांचा भराव, बाहेरून घडवून आणलेल्या तुकड्यांचं अस्तर. एक कारागीर नाक घडवतो, दुसरा डोळा, तिसरा चौकडीची जाळी, आणि भिंतीवर ते जुळवले जातात. जवळच्या कबाहला एका इमारतीच्या दर्शनी भिंतीवर चाक या पर्जन्यदेवाचे अडीचशेच्या आसपास मुखवटे आहेत. तो मुलूख चुनखडीचा, वर नदी नाही, पडलेलं पाणी जमिनीत मुरून जाणार. पावसाला अडीचशे तोंडांनी हाक मारायचं कारण समजतं. आमच्या कोकणात चार महिने पाऊस खाली उतरवायचा कसा, ही विवंचना.

हे बघताना मला बाबांचं भिंग आठवलं.

बाबा साइझिंगमध्ये होते. सुताच्या ताण्याला खळ लावून, वाळवून, बीमवर गुंडाळायचं काम. ज्यांना भिवंडी माहीत नाही त्यांच्यासाठी: खळ नीट बसली नाही तर मागावर धागा तुटतो, आणि धागा तुटला की शिव्या आधी साइझिंगवाल्याला. त्यांच्या खिशात नेहमी पितळेचं एक घडीचं भिंग असे. उघडलं की बरोबर एक इंचाची चौकट कापडावर बसते आणि वरच्या काचेतून उभे-आडवे तार मोजता येतात. कापड कितीही देखणं असो, बाबा आधी ते भिंग ठेवत. "नक्षी मागनं बघू, आधी वीण सांग."

निवृत्तीनंतर एकदा मी त्यांना अंबरनाथला घेऊन गेलो. जत्रेचा दिवस नव्हता, मंदिरात फार कुणी नव्हतं. प्रदक्षिणेच्या वाटेवर ते थांबले, खिशातून भिंग काढलं आणि जोत्याच्या थरातल्या एका हत्तीवर टेकवलं. हत्ती एवढासा, झिजलेला, सोंडेचा नुसता उंचवटा राहिलेला. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "छिन्नीचे माग दिसतायत रे. खालनं वर गेलाय हात." मी वाकून पाहिलं तेव्हा मला आधी काही दिसलं नाही. मग पोटाखालच्या खोबणीत, जिथे पावसाचं पाणी पोचत नाही, तिथे बारीक तिरक्या रेघा दिसल्या. एकीच्या शेजारी एक, सारख्या अंतरावर. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी एका दमात मारलेल्या.

त्या दिवसापासून मी मंदिराकडे 'शिल्पांचं मंदिर' म्हणून पाहणं सोडलं. आपल्याकडची मंदिरवर्णनं बहुतेक मूर्तींची यादी असतात: इथे नटराज, तिथे गजासुराचा वध, पलीकडे आरशात बघणारी सुंदरी. ती यादी खोटी नसते, पण त्याने डोळा एका मूर्तीवरून दुसरीवर उड्या मारतो आणि मधली भिंत निसटते. आणि खरी करामत भिंतीत आहे.

भिंत कशी आहे ते सांगतो. मंदिर पश्चिमेला तोंड करून. मंडप आणि गाभारा असे दोन चौक, पण ते नेहमीसारखे पाठीला पोट लावून नाहीत, कोनाला कोन भिडवून बसवल्यासारखे आहेत. त्यामुळे बाहेरून सरळ सपाट भिंत अशी जवळपास मिळतच नाही. भिंत सारखी पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. हे पुढे आलेले उभे भाग जोत्यापासून निघतात ते वर शिखरात घुसेपर्यंत तुटत नाहीत. हा ताणा. आणि जोत्यापासून सुरू होणारे आडवे थर, धारदार कडांचे, कीर्तिमुखांचे, हत्तींचे, प्रत्येक कोन वळत, प्रत्येक खाचेत शिरत मंदिराला वळसा घालतात. हा बाणा. उभं-आडवं जिथे छेदतं तिथे सावली पडते, आणि मूर्ती बसते ती या सावलीच्या चौकटीत. मागवाल्याच्या मुलाला हे सांगायला स्थापत्याचं पुस्तक लागत नाही. मला मात्र ते दिसायला पन्नाशी उलटावी लागली.

वरच्या शिखराचा मोठा भाग आज नाही. जेवढं आहे त्यावरून जाणकारांनी त्याला भूमिज म्हटलं आहे. या जातीच्या शिखरात चार बाजूंनी चार उभे पट्टे चढतात आणि त्यांच्या मधल्या पाखांत लहान-लहान शिखरांच्या रांगा असतात, वर जाताना लहान-लहान होत जाणाऱ्या, दोऱ्यात ओवल्यासारख्या. माळव्यातल्या भोज परमाराच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात या प्रकाराची चर्चा आहे, आणि माळव्यातलं उदयपूरचं उदयेश्वर मंदिर हे त्याचं सर्वांत पूर्ण राहिलेलं रूप. आपल्याकडे सिन्नरचा गोंदेश्वर त्याच घराण्यातला. अंबरनाथ काळाने गोंदेश्वराच्या आधीचं, आणि तारीख कोरलेली असल्यामुळे या जातीच्या मंदिरांची कालगणना लावताना सगळ्यांना त्याच्या दारात यावंच लागतं.

आत गेलात की चार खांब. जवळजवळ सारखे, पण जोडीजोडीने वेगळे. गाभाऱ्याकडची जोडी अधिक श्रीमंत. त्यांच्यावरचं छत बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. इथे तुलनेचा धागा पुन्हा पकडतो. माया लोकांना खरी कमान माहीत नव्हती, असं त्यांच्याबद्दल नेहमी लिहितात. म्हणजे पाचरीसारखे दगड एकमेकांवर रेटून, मध्ये कळीचा दगड बसवून तोललेली कमान. ते दोन्ही बाजूंनी थरावर थर थोडा-थोडा पुढे काढत नेत आणि वर उरलेली फट एका दगडाने झाकत. त्यामुळे त्यांच्या खोल्या अरुंद आणि उंच. हे वाचून आपल्याला जरा बरं वाटतं, आणि मग अंबरनाथच्या मंडपात वर बघावं! तिथलं घुमटासारखं छतही याच रीतीने झालंय. एकावर एक गोल थर, प्रत्येक थर आतल्या बाजूला थोडा सरकलेला. आपल्या मंदिरवाल्यांनीही कमान घेतली नाही. फरक एवढाच की त्या पायऱ्यांच्या कडांवर त्यांनी इतकं बारीक कोरून ठेवलं की पायऱ्या दिसेनाशा झाल्या. बांधणीची अडचण होती तिचीच नक्षी केली. आणि चुना न वापरता. माया भिंतीत चुना हा जीव. तो काढला तर ती ढासळेल. आपल्या या काळ्या दगडाच्या भिंतीत दगड दगडाच्या वजनावर आणि खाचेवर उभा आहे.

गाभारा खाली. वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. वरचं शिखर मोडल्यामुळे उजेड थेट पिंडीवर येतो, आणि पावसाळ्यात पाऊसही. बांधणाऱ्याने इथे अंधार योजला होता, हे मला माहीत आहे. तरी खोटं कशाला बोलू, मला हा उजेड आवडतो.

आता त्या तारखेची गोष्ट. उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर एक सहा ओळींचा लेख आहे. तो मम्वाणि म्हणजे मुम्मुणि राजाच्या काळातला, आणि त्यात छित्तराजाच्या नावाचं भवन पुरं केल्याचा उल्लेख आहे. म्हणून काम छित्तराजाने काढलं आणि मुम्मुणीने तडीस नेलं असं मानतात. डॉ. भाऊ दाजी यांनी तो लेख वाचला तेव्हा शकाचा आकडा ७८२ वाचला. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी पुन्हा बघून सांगितलं: पहिला आकडा ७ नव्हे, ९. शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी. इसवी सन १०६०. एका आकड्याच्या शेपटीने मंदिर दोनशे वर्षं पुढे आलं! भाऊ दाजींची यात नाचक्की नाही. झिजलेल्या काळ्या दगडावर, कंदिलाच्या उजेडात तो आकडा वाचून बघावा म्हणजे कळेल. मी भाच्याला तुळईखाली उभं केलं आणि फोनचा दिवा बाजूने तिरका धरायला सांगितलं. समोरून धरला की काही दिसत नाही, तिरका धरला की अक्षरं उभी राहतात. त्याला नवाचा आकडा सापडला तेव्हा तो इतका मोठ्याने ओरडला की नंदीजवळ बसलेल्या एका आजींनी आम्हा दोघांना गप्प केलं.

अंबरनाथबद्दल एवढं लिहिलं, कारण तिथे बघण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. पण माझा जीव लोनाडला आहे. अंबरनाथला निदान पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, जत्रा आहे, नगर आहे. लोनाडच्या वाटेवर गोदामं आहेत. देशभरातल्या लोकांनी फोनवरून मागवलेल्या वस्तू या टापूत येऊन थांबतात आणि पुढे जातात. त्यांच्या पत्र्याच्या छपरांच्या वर टेकडी आहे आणि टेकडीत लेणं. ते शिलाहारांच्याही आधीचं, बौद्ध. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं मानतात. पुढे ओसरी, आत दालन, त्यामागे गर्भगृह, आणि गर्भगृहात आता खांडेश्वरी देवी. शेंदूर, ओटी, नवस, सगळं. बौद्ध लेण्यात देवी कशी, म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. मला उलट वाटतं: देवी नसती तर या डोंगराची खडी होऊन कधीच कुठल्यातरी रस्त्यात गेली असती.

ओसरीतला शिल्पपट हा लोनाडचा ऐवज. राजाचा दरबार: आसनावर राजा, भोवती राणीवसा, चवऱ्या, सेवक, दाटीवाटी. त्यात वेस्संतर जातकाची गोष्ट असल्याचं अभ्यासक सांगतात. वेस्संतर म्हणजे दानाचा अतिरेक करणारा राजपुत्र. राज्याचा हत्ती देतो, मग वनवासात पोटची पोरं देतो, शेवटी बायको. लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला त्याचा राग आला होता, आणि अजूनही पुरता गेलेला नाही. पण दगड बघताना एक गोष्ट जाणवते: अंबरनाथमध्ये माणसं चौकटीत एकेकटी उभी आहेत, इथे ती एकमेकांच्या खांद्याआड आहेत. मध्ये पाचेकशे वर्षं गेली आणि कोरणाऱ्याचा विचार बदलला. गोष्ट सांगणं मागे पडलं, भिंत विणणं पुढे आलं.

खाली गावात शिवालय. मंडप पडलेला, कोरीव दगड इकडेतिकडे. एखादा दगड कुणी बसायला घेतलेला, एखाद्यावर कपडे वाळत. आणि जवळच्या चौधरपाड्यात तो शिलालेख, शके ११६१ चा, दुसऱ्या केशीदेवाचा. म्हणजे शिलाहार राज्याची संध्याकाळ. त्यानंतर पाव शतकात शेवटचा सोमेश्वर यादवांच्या महादेवाशी लढताना समुद्रात बुडाला आणि कोकण देवगिरीकडे गेलं. लेखात दान आहे: ब्रह्मपुरी नावाची वस्ती कवी सोमण नावाच्या शिवभक्ताला, आणि षोंपेश्वर महादेवाच्या पूजकांना बापग्रामातली जमीन. बापग्राम म्हणजे आजचं बापगाव. रिक्षावाला "बापगाव, बापगाव" ओरडतो ते नाव तेराव्या शतकात दगडावर चढलेलं आहे, हे कळल्यापासून मी त्या स्टँडवर जरा अदबीने उभा राहतो.

आणि मग गधेगाळ. शिलाहारांच्या दानलेखांवर वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, म्हणजे ते असेपर्यंत हे दान चालावं. आणि खाली गाढव आणि बाई. जो हे दान मोडील त्याच्या आईला गाढव लागो, अशी उघड शिवी. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ती वाचता येते. शाळेच्या सहली अशा दगडापुढून घाईघाईने पुढे नेतात, आणि मुलं अर्थातच मागे वळून बघतात. माझ्या मते हाही सजावटीचाच एक प्रकार आहे, आणि अंबरनाथच्या सुंदरीइतकाच मन लावून बघण्यासारखा. राजाला आपल्या पश्चात आपल्या शब्दाचं काय होईल याची केवढी धास्ती होती ते तिथे उघडं पडतं.

रेखाटनांबद्दल थोडं. अंबरनाथची पहिली पद्धतशीर नोंद १८६८ सालची. सरकारी हुकमाने मुंबईच्या कलाशाळेतली मंडळी तिथे गेली, मोजमापं घेतली, चित्रं काढली, शिल्पांचे साचे घेतले. मायांच्या मुलखात आल्फ्रेड मॉडस्लीने १८८१ पासून हेच केलं: भिजवलेला कागद दगडावर दाबून ठसे, आणि प्लास्टरचे साचे. त्याच्याही आधी, १८३९ पासून, स्टीफन्स नावाचा लेखक आणि कॅदरवुड नावाचा चित्रकार जंगलात हिंडून एकेक भिंत कागदावर उतरवत होते. पाऊस, झाडं आणि माणसं यांनी त्यानंतर दगडावरून जे पुसलं ते त्या कागदांत आणि साच्यांत उरलं आहे. आमची चित्रं त्या पंगतीतली नाहीत. साध्या चौकटीच्या वहीत, शिसपेन्सिलीने, एका थराला एक ओळ या हिशोबाने काढलेली आहेत. मूर्ती सुबक आलेल्या नाहीत. थर मात्र मोजून आहेत, आणि दगड नक्की कुठे फुटलाय, कुठे सिमेंटने बुजवलाय, कुठे नवा बसवलाय, ते प्रत्येक पानावर खुणेने दाखवलं आहे. फोटो मुद्दाम कमी ठेवले; फोटो सगळं एकाच दमात दाखवतो.

हत्तींच्या थराचं पान तेवढं विचित्र दिसेल. बाबांनी त्या पहिल्या भेटीत मंदिराला वळसा घालत हत्ती मोजले होते, झिजलेले धरून. घरी आल्यावर आकडा त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर लिहिला. पुढच्या खेपेला त्यांचा आकडा वेगळा आला, तिसऱ्या खेपेला आणखी वेगळा. कोपऱ्यावरच्या ज्या हत्तीचे नुसते पाय उरलेत तो एक धरायचा की वळणापलीकडचा मिळून दोन, यावर त्यांचं स्वतःशीच जमेना. चौथ्या वेळी मी आणि भाचा दोन बाजूंनी मोजत गेलो आणि पाठीमागे एकमेकांना भेटलो. आमची बेरीजही त्यांच्या तिन्हींपैकी कुठल्याशी जुळली नाही. पानावर चारही आकडे ठेवले आहेत, बाबांचे तीन पेन्सिलीत, आमचा शाईत. पाचव्या आकड्यासाठी खाली जागा सोडली आहे. जाताना भिंग न्या.